सोडवणुकीचा हिशेब

बचतीला स्पॅनिशमध्ये 'आओर्रो' म्हणतात. बचत करणं म्हणजे 'आओर्रार', बचत खातं म्हणजे 'कुएन्ता दे आओर्रो'. पुण्यात बसून स्पेन-मेक्सिकोकडच्या कंपन्यांचे हिशेबाचे कागद वाचणं हे माझं पोटापाण्याचं काम. त्यामुळे हा शब्द दिवसभरात किती वेळा डोळ्यांखालून जातो त्याला सुमार नाही. अशा कागदांत शब्दाकडे शब्द म्हणून कुणी बघत नाही. रक्कम जुळली, शेरा मारला, पुढचं पान.

त्याचं मूळ कळलं ते मेंढ्यांमुळे. जनावरांच्या विम्याचा एक कागद होता आणि त्यात कळपाची वर्गवारी दिली होती: गाभण मेंढ्या, दुभत्या मेंढ्या आणि 'ओर्रास'. ही तिसरी जात कुठली म्हणून स्पॅनिश अकादमीचा कोश उघडला. 'ओर्रो' म्हणजे गाभण न राहिलेलं जनावर, हा अर्थ तिथे होताच. पण त्याच्याही आधी दिलं होतं: गुलाम असून स्वातंत्र्य मिळालेला माणूस. मोकळा, सूट मिळालेला. मूळ शब्द अरबी, 'हुर्र', म्हणजे स्वतंत्र. आणि 'आओर्रार' या नोंदीत, पैसे शिल्लक टाकण्याच्या अर्थापासून बरंच खाली, वापरातून गेलेला एक अर्थ पडून होता: गुलामाला किंवा कैद्याला मुक्त करणं.

'हुर्र' आपल्याला अगदीच अनोळखी नाही. काश्मीरच्या बातम्यांमधली 'हुर्रियत' ही त्याच घरातली. तुर्कस्तानात याच नावाचं मोठं दैनिक आहे. अरबांनी आणि उत्तर आफ्रिकेतल्या बर्बर लोकांनी 711 साली स्पेनमध्ये पाऊल टाकलं आणि त्यांचं शेवटचं राज्य, ग्रानादा, 1492 साली गेलं. मधल्या पावणेआठशे वर्षांत स्पॅनिशमध्ये अरबी शब्दांचा जो भरणा झाला त्यात कर, मोजमाप आणि व्यापार यांच्या शब्दांचा वाटा मोठा. जकात कचेरीला स्पॅनिशमध्ये 'आदुआना' म्हणतात, तो आपला 'दिवाण'. कोठाराला 'आल्मासेन' म्हणतात, तो 'खजिना'चा सख्खा भाऊ. म्हणजे फारसीमार्गे पेशव्यांच्या दप्तरात आणि अरबांमार्गे सेव्हिलच्या बंदरात एकच शब्द जाऊन बसले, दोघांना एकमेकांचा पत्ता नाही. मला यात फार गंमत वाटते, पण या वाटेला लागलं तर मूळ विषय राहून जाईल.

'हुर्र'चा स्पॅनिश प्रवासही जरा पाहण्यासारखा आहे. अरबीतला तो घशातला 'ह' स्पेनच्या लोकांना जमेना, त्यांनी 'फ' केला. जुन्या कागदांत म्हणून 'फोर्रो' आणि 'आफोर्रार' सापडतात. पुढे स्पॅनिशमधल्या कितीतरी 'फ'चे 'ह' झाले आणि तो 'ह'सुद्धा उच्चारातून गळाला. लिहिताना तेवढा राहिला. पोर्तुगीजांनी मात्र 'फ' सोडला नाही. आफ्रिकेच्या पश्चिमेला साओ तोमे नावाचं बेट आहे, पोर्तुगीजांच्या गुलाम-व्यापारातलं महत्त्वाचं ठाणं. तिथल्या मुक्त गुलामांच्या वंशजांना 'फोर्रो' म्हणतात आणि त्यांच्या भाषेलाही फोर्रोच.

तेराव्या शतकात स्पेनमधल्या कास्तीलचा राजा दहावा आल्फोन्सो याने 'सिएते पार्तिदास' नावाची कायद्याची भली मोठी संहिता करवून घेतली. तिच्या चौथ्या भागात स्वातंत्र्यावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. मालक गुलामाला कसं सोडू शकतो? चर्चमध्ये किंवा बाहेर, न्यायाधीशासमोर किंवा इतरत्र, मृत्युपत्र करून किंवा न करता, कागद लिहून किंवा पाच साक्षीदारांसमोर. हे सगळं तिथे नीट घालून दिलं आहे. 'आओर्रार' हा शब्द त्या जगातला आहे. त्याला पैशाचा वास आहे तो एवढाच की गुलाम ही मालमत्ता होती.

मग तो बचतीवर कसा आला? एकदम नाही आला. ज्याला कर माफ तो 'ओर्रो'. ज्याच्यावर बोजा नाही तो 'ओर्रो'. एखाद्याला त्रासातून, कामातून, जबाबदारीतून मोकळं करणं म्हणजे 'आओर्रार', आणि मग स्वतःला खर्चातून मोकळं करणं म्हणजेही 'आओर्रार'. आजही 'तपशील राहू दे, मला नको ऐकवूस' असं म्हणताना स्पॅनिश माणूस हेच क्रियापद वापरतो. आपण म्हणतो जीव वाचला, हेलपाटा वाचला, शंभर रुपये वाचले. वळण तेच, फक्त आपल्याकडे पैसा मरणातून वाचतो आणि त्यांच्याकडे कैदेतून सुटतो.

यावरून स्पॅनिश लोक बचतीकडे मुक्ती म्हणून बघतात वगैरे निष्कर्ष काढायचा मोह होतो. तो आवरलेला बरा. माद्रिदमधली आजी नातवाच्या नावाने वीस युरो टाकताना तिच्या डोक्यात गुलामबिलाम काही नसतं, जसं 'दिवाणी दावा' म्हणताना आपल्याला दिवाण-पलंग आठवत नाही. शब्द झिजतात, ते त्यांचं कामच आहे. पण या शब्दाच्या बाबतीत एक गोष्ट वेगळी आहे. पैसे साठवणं आणि गुलाम सुटणं, हे दोन अर्थ नुसते कोशात शेजारी राहत नव्हते. स्पॅनिश राज्यात काही माणसांच्या बाबतीत ती दोन्ही एकच क्रिया होती.

सोळाव्या शतकात सेव्हिल हे स्पेनमधलं गुलामांचं मोठं शहर होतं. 1565 सालच्या मोजणीत सुमारे 85 हजारांच्या वस्तीत 6 हजारांवर गुलाम निघाले, म्हणजे दर तेरा-चौदा माणसांत एक. मालक सोडायला तयार झाला की नोटरीपुढे 'कार्ता दे आओर्रिया' लिहिली जाई, मुक्ततापत्र. कधी मालकाला मरताना पुण्य हवं असे म्हणून, कधी गुलामाने म्हाताऱ्याची सेवा केली म्हणून, आणि पुष्कळदा गुलामाने किंवा त्याच्या आईबापाने पैसे मोजले म्हणून. शेवटच्या प्रकारात ते पत्र म्हणजे निव्वळ खरेदीखतच, फक्त घेणारा आणि विकला जाणारा एकच.

हेच पत्र पोर्तुगीजमध्ये 'कार्ता दे आल्फोर्रिया', अरबी 'अल्-हुर्रिया'वरून. पोर्तुगीजांबरोबर ते गोव्यातही आलं. मोझांबिककडून आणलेली माणसं तिथल्या घरांत पालख्या वाहत, स्वयंपाकघरात राबत, आणि सुटली तर या कागदावर सुटत. पणजीच्या अभिलेखागारात सतराव्या-अठराव्या शतकातली अशी मुक्ततापत्रं जपलेली आहेत. आपल्याकडे घाटावरही पेशवाईच्या कागदांत कुणबिणींच्या, म्हणजे गुलाम बायकांच्या, खरेदी-विक्रीच्या नोंदी आहेतच, त्यामुळे हे सगळं कुठल्यातरी लांबच्या दुष्ट लोकांचं, असं नाक वर करून सांगायची सोय नाही.

एका मुक्ततापत्राची गोष्ट सांगते, कारण त्यातल्या माणसाचा चेहरा आपल्याला पाहता येतो. स्पेनच्या राजाचा चित्रकार वेलास्केस 1649-50 मध्ये इटलीत होता. त्याच्याबरोबर त्याचा गुलाम हुआन दे पारेखा होता, रंग घोटण्यापासून कॅनव्हास ताणण्यापर्यंतची कामं करणारा. पोपचं चित्र काढायच्या आधी वेलास्केसने पारेखाला समोर उभं करून त्याचं चित्र काढलं. करड्या-हिरव्या रंगाचे कपडे, खांद्यावर झगा, गळ्याला लेसची रुंद पांढरी कॉलर, एक हात पोटाशी आडवा. आणि नजर सरळ तुमच्यावर, खाली नाही, बाजूला नाही. मार्च 1650 मध्ये रोममधल्या पँथिऑनमध्ये ते मांडलं गेलं. पुढे वेलास्केसचं चरित्र लिहिणारा पालोमिनो सांगतो की चित्र कसं झालंय हे विचारायला वेलास्केसने ते मित्रांकडे पाठवलं, आणि घेऊन गेला स्वतः पारेखाच. लोक चित्राकडे बघत, मग धरणाऱ्याकडे, आणि बोलायचं कुणाशी ते त्यांना कळेना.

त्याच वर्षी 23 नोव्हेंबरला, रोममध्येच, वेलास्केसने पारेखाचं मुक्ततापत्र केलं. त्यात एक अट होती: आणखी चार वर्षं सेवा करायची. म्हणजे माणूस सुटला, पण 1654 साली. त्यानंतर पारेखा स्वतः चित्रकार म्हणून जगला. त्याचं 1661 सालचं एक मोठं चित्र माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे आणि त्यात एका कडेला त्याने स्वतःलाही उभं केलं आहे. वेलास्केसने काढलेलं त्याचं चित्र 1970 साली लंडनच्या लिलावात 23 लाख 10 हजार पौंडांना गेलं. 10 लाख पौंडांच्या वर गेलेलं लिलावातलं ते पहिलंच चित्र. आता ते न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे.

पण पारेखाने पैसे मोजले नव्हते. पैसे मोजून सुटणं काय असतं ते पाहायचं तर तेव्हा स्पेनच्या ताब्यात असलेल्या क्युबात जायला हवं.

क्युबात गुलामाला स्वतःची किंमत हप्त्याहप्त्याने फेडून मोकळं होता येत असे. या पद्धतीचं नाव 'कोआर्तासिओन'. गुलामाने पहिली रक्कम भरली की त्याची पूर्ण किंमत कागदावर ठरून जाई आणि पुढे मालकाला ती वाढवता येत नसे. अशा अर्धवट सुटलेल्या माणसाला 'कोआर्तादो' म्हणत. आधी हा नुसता रिवाज होता. 1842 साली क्युबाचा कॅप्टन-जनरल हेरोनिमो वाल्देस याने गुलामांविषयीची नियमावली काढली, तिच्यात तो कलमात आला: गुलामाने किमतीपैकी निदान 50 पेसो पुढे ठेवले, तर मालकाला नाही म्हणता येणार नाही.

हे 50 पेसो कुठून यायचे? उसाच्या मळ्यावर येणं फारच कठीण. तिथे गुलामाला फार तर जमिनीचा एक तुकडा मिळे, त्यात तो थोडं पिकवी, डुक्कर पाळी आणि विकी. हवाना शहरातली गोष्ट निराळी. तिथे मालक गुलामांना रोजंदारीवर सोडत. बंदरात हमाली कर, कपडे धू, डोक्यावर पाटी घेऊन मिठाई-फळं विक, काही कर. मला ठरलेला रोज आणून दे आणि वरचं तुझं. हे 'वरचं' म्हणजे त्यांची बचत. पाटी घेऊन फिरणाऱ्या बायकांच्या हाती रोख पैसा रोज खेळे, म्हणून अशा सुटलेल्यांमध्ये बायकांचा भरणा मोठा. गुलामाच्या अशा स्वतःच्या पुंजीला जुना रोमन शब्द आहे, 'पेकुलिउम'. स्पॅनिशमध्ये तो 'पेकुलिओ' झाला, आणि आजही 'पदरचे पैसे घातले' असं सांगताना लोक 'स्वतःच्या पेकुलिओतून' असं म्हणतात. पुढाऱ्यांच्या तोंडी हा शब्द विशेष. त्यांना तो कुठून आला हे सांगायला हवं कुणीतरी.

आता हिशेब. रोजंदारीवर सोडलेल्या कोआर्तादोने मालकाला रोज किती द्यायचं याचं एक कोष्टक होतं: राहिलेल्या किमतीच्या दर 100 पेसोंमागे एक रेआल. आठ रेआलांचा एक पेसो. समजा एका बाईची किंमत 500 पेसो ठरली. तिने रोज 5 रेआल मालकाला द्यायचे. हे पाच तिच्या किमतीतून वजा होत नाहीत. तिच्या सुटकेचे पैसे वेगळे. खाऊनपिऊन उरलेल्यातून तिने 100 पेसो साठवून भरले की रोजचे 4 रेआल होणार, आणखी 100 भरले की 3.

माझ्यासारखीला हे वाचून कागद-पेन्सिल घेतल्याशिवाय राहवत नाही. 100 पेसो म्हणजे 800 रेआल. त्यावर रोज एक रेआल. रविवार सोडले तरी वर्षाचे 313 दिवस. 800 वर 313 म्हणजे दरसाल 39 टक्के. हे व्याज आहे, दुसरं काही नाही. मुद्दल ती स्वतः, आणि व्याज भरते तीही स्वतःच. मुद्दल तसंच उभं ठेवून फक्त व्याज खात राहणारा सावकार आपल्या गावोगावच्या गोष्टींत आहे, पण त्याच्याकडे निदान जमीन गहाण असायची. इथे ऋणको हीच गहाणवस्तू.

आणि तरीही बायका भरत होत्या. पोरांसाठी, नवऱ्यासाठी, आधी स्वतःसाठी. हप्ता चुकवला नाही, पावत्या सांभाळल्या, मालकाने गडबड केली तर गुलामांच्या वतीने बोलायला नेमलेल्या 'सिंदिको' नावाच्या अधिकाऱ्याकडे जाऊन भांडल्या. अशा बाईला कुणी 'बचतीची सवय लावा' म्हणून भाषण द्यायची गरज नव्हती. मोबाइलवर हल्ली पस्तिशीतला कुणीतरी गुळगुळीत चेहऱ्याने 'आर्थिक स्वातंत्र्य' मिळवण्याच्या पाच पायऱ्या सांगत असतो. मी तो व्हिडिओ पुढे ढकलते. पैसे बाळगण्यात गैर काही नाही, पण स्वातंत्र्य हा शब्द त्याच्या तोंडून ऐकताना मला ते रोजचे 5 रेआल आठवतात, त्याला माझा इलाज नाही.

क्युबातली गुलामगिरी 1880 च्या कायद्याने 'पालकत्व' या गोंडस नावाखाली गेली आणि 1886 मध्ये खरोखरीच संपली. कोआर्तादो हा शब्द तिच्याबरोबर गेला. 'आओर्रो' राहिला, कारण तोवर तो बँकेत स्थिर झाला होता.

तो बँकेत गेला त्याची कथा माद्रिदची. 1702 च्या 3 डिसेंबरला फ्रान्सिस्को पिकेर नावाच्या पाद्र्याने एका पेटीत चांदीचा एक रेआल टाकला. हा पाद्री राजघराण्याशी जोडलेल्या एका मठात होता. पेटी कशासाठी? मेल्यानंतर पापक्षालनासाठी अडकून पडलेल्या आत्म्यांची सुटका व्हावी म्हणून प्रार्थना करवायच्या, त्याचा खर्च. म्हणजे इथेही सुटकाच. त्या पेटीतून 'मोन्ते दे पिएदाद' उभं राहिलं: गरिबांनी वस्तू गहाण ठेवायची, बिनव्याजी पैसे न्यायचे, जमेल तेव्हा परत करून वस्तू सोडवायची. 1838 साली त्याच्या जोडीला बचतपेढी निघाली, 'काखा दे आओर्रोस दे माद्रिद'. गरिबांनी टाकलेल्या ठेवी गरिबांनाच तारणावर द्यायच्या, अशी ती सांगड. कल्पना चांगली होती आणि दीडशे वर्षं बऱ्यापैकी चालली. स्पेनच्या गावागावांत अशा 'काखा' निघाल्या. 'काखा' म्हणजे पेटी. नफा भागधारकांना नाही, कारण भागधारकच नाहीत. उरेल तो शाळा, दवाखाने, वाचनालयं यांना.

मराठी माणसाला 'काखा' ऐकून हसू येतं आणि पुढे जे झालं त्याने ते हसू सार्थही होतं. 2008 नंतर स्पेनमधला घरबांधणीचा फुगा फुटला. काखांवर तोवर स्थानिक राजकारण्यांची माणसं बसली होती आणि त्यांनी बिल्डरांना वारेमाप कर्जं दिली होती. माद्रिदची काखा आणि आणखी सहा एकत्र करून 'बांकिया' नावाची बँक केली. 20 जुलै 2011 रोजी तिचा शेअर 3.75 युरोला बाजारात आला. अध्यक्ष होते रोद्रिगो रातो, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे माजी प्रमुख. घंटा वाजली, फोटो निघाले, शाखेतल्या साहेबाच्या शब्दावर सामान्य खातेदारांनी शेअर घेतले. वर्ष व्हायच्या आत, मे 2012 मध्ये, बांकियाने काखा वर केल्या. सरकारने ताबा घेतला आणि बँकेने आणखी 19 अब्ज युरो मागितले. शेअर बाजारात आणण्याच्या खटल्यात पुढे 2020 साली रातो आणि इतर निर्दोष सुटले. बँकेच्या कार्डांवर केलेल्या खासगी उधळपट्टीबद्दल मात्र रातोंना साडेचार वर्षांची शिक्षा झाली.

यापेक्षा वाईट प्रकार होता 'प्रेफेरेन्तेस'चा. अनेक काखांनी आपल्या जुन्या, बहुतेक वयस्क ठेवीदारांना हा कागद विकला. मुदत ठेवीसारखाच, पण व्याज जास्त, असं तोंडी सांगून. प्रत्यक्षात त्याला मुदतच नव्हती, ठेवीचं विमासंरक्षण नव्हतं, व्याज बँकेला नफा झाला तरच, आणि पैसे परत हवे तर दुसरा कुणी तो कागद विकत घेणारा शोधा. दुसरा कुणी उरला नाही तेव्हा आयुष्यभराचा आओर्रो आत अडकला. शाखेसमोर पांढऱ्या केसांची माणसं फलक घेऊन, शिट्ट्या फुंकत उभी राहू लागली. चोरांनी चोरलं असतं तर राग आला असता, पण यांना विकणारा हा त्यांच्या पोरांच्या लग्नाला आलेला शाखाधिकारी होता. पुढे लवादातून, कोर्टातून अनेकांना पैसे मिळाले, पुष्कळांना कमी मिळाले. बांकियाचे शेअर घेतलेल्या छोट्या गुंतवणूकदारांच्या बाजूने 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला आणि बँकेने रक्कम परत केली.

या सगळ्यात आणखी एक जुना शब्द कामाला आला: 'रेस्काते'. आज वर्तमानपत्रात याचा अर्थ बुडत्या बँकेला किंवा देशाला पैसे देऊन वाचवणं. मूळ अर्थ खंडणी. भूमध्य समुद्रात चाचे ख्रिस्ती लोकांना पकडून उत्तर आफ्रिकेत नेत, आणि ख्रिस्ती चाचे मुसलमानांना; मग मोल ठरे. 1575 साली सेर्वांतेस, पुढे स्पॅनिशमधला सर्वांत मोठा लेखक ठरलेला, असाच पकडला गेला आणि अल्जिअर्सला नेला गेला. त्याच्या खिशात बड्या लोकांची शिफारसपत्रं सापडली, त्यामुळे असामी मोठी आहे असं समजून भाव चढला. चार वेळा त्याने पळायचा प्रयत्न केला. घरी आई लेओनोर दे कोर्तिनास हिने सरकारी मदत मिळावी म्हणून नवरा जिवंत असताना आपण विधवा असल्याचं सांगितलं. तिने आणि बहिणीने मिळून 300 दुकात जमवले. मागणी होती 500 सोन्याच्या एस्कुदोंची. बंदिवानांना सोडवणं हेच ज्यांचं काम, त्या त्रिनितारी पंथाच्या साधूंनी उरलेली भर घातली आणि 19 सप्टेंबर 1580 रोजी, कॉन्स्टँटिनोपलला निघालेल्या गलबतातून, त्याला खाली उतरवलं. पाच वर्षं झाली होती.

9 जून 2012 च्या शनिवारी युरोपीय अर्थमंत्र्यांनी स्पेनच्या बँकांसाठी 100 अब्ज युरोंपर्यंतची मदत जाहीर केली. स्पेनचे अर्थमंत्री गिन्दोस 'आर्थिक साहाय्य' म्हणाले. दुसऱ्या दिवशी पंतप्रधान राखोय 'कर्जाची सोय' म्हणाले आणि स्पेन-इटली फुटबॉल सामना बघायला पोलंडला गेले. सामना 1-1 बरोबरीत सुटला. 'रेस्काते' हा शब्द त्यांच्या तोंडून निघेना, आणि बाकी सगळा देश दुसरा शब्द उच्चारेना. अखेर 41 अब्जांच्या वर रक्कम वापरली गेली. शब्दाला सरकारं एवढी घाबरतात ते बघून शब्दांच्या धंद्यात असल्याचं मला थोडं बरं वाटलं.

संकटाआधी स्पेनमध्ये 45 काखा होत्या. आता दोन आहेत: ओन्तिन्येन्त या गावची आणि मायोर्का बेटावरच्या पोयेन्साची. बांकिया 2021 मध्ये काइशाबँकेत विलीन झाली. पिकेर पाद्र्याचं मोन्ते मात्र अजून माद्रिदमध्ये चालू आहे, एका प्रतिष्ठानाच्या नावाखाली. लोक दागिने ठेवतात, पैसे नेतात, सोडवायला येतात.

दागिने सोडवणं आम्ही घरी पाहिलेलं. आईच्या पाटल्या जूनमध्ये पतपेढीत जायच्या, शाळा-कॉलेजच्या फिया एकदम येत म्हणून, आणि दिवाळीच्या बोनसवर सुटायच्या. सोडवायला मीही जायची. लाखेचा शिक्का मारलेली कापडी पिशवी आतून आणली जाई, कारकून शिक्का आईला दाखवी, मग कात्रीने दोरा कापी. सोनार बसलेलाच असे, तो पाटल्या पुन्हा तराजूत घाली आणि वजन मोठ्याने वाचे, वहीतलं आधीचं वजन आई वाचून मेळ घाली. सही झाली की पिशवीत न ठेवता तिथेच हातात घालायच्या, हा तिचा नियम. घरी येताना रस्त्यात कुणी भेटलं तर 'सोडवून आणल्या' एवढंच सांगे. 'कर्ज फेडलं' असं ती कधी म्हणाली नाही.

गहाण सोडवण्याला स्पॅनिशमध्ये 'देसेम्पेन्यार' म्हणतात. 'एम्पेन्यार' म्हणजे गहाण टाकणं, त्याचं उलट ते. हा शब्दही पुढे सरकला: आधी तारण सोडवणं, मग घेतलेला शब्द पुरा करणं, मग एखादं काम किंवा पद पार पाडणं. आता कंपन्यांमध्ये कर्मचाऱ्याच्या वार्षिक कामगिरीला 'देसेम्पेन्यो' म्हणतात. मेक्सिकोतल्या एका क्लायंटच्या पगारपत्रकांबरोबर त्यांच्या मनुष्यबळ विभागाचे तक्ते आमच्याकडे दरवर्षी येतात, 'एव्हालुआसिओन दे देसेम्पेन्यो' असं ठळक शीर्षक असलेले. कोणी किती टक्के, कोणाला किती वाढ. आमचं स्वतःचं अप्रेझल त्याच सुमाराला, मार्चअखेर असतं. यंदा साहेबांनी विचारलं, पुढच्या वर्षासाठी तुझं उद्दिष्ट काय लिहू. मी म्हटलं, वजन तेवढं मोठ्याने वाचा. त्यांना काही कळलं नाही. त्यांनी 'टीमवर्क' लिहिलं आणि मला साडेसहा टक्के दिले.